कोरं पत्र आणि चित्रांचं पुस्तक

गोदाकाठच्या पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. त्यांच्या कोऱ्या पत्राची आख्यायिका सगळ्यांनी ऐकलेली असते. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं, पण मायना काय घालावा? 'चिरंजीव' म्हणावं तर ज्ञानाने थोर, 'तीर्थस्वरूप' म्हणावं तर वयाने लहान. शेवटी कागद कोराच गेला आणि त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं, तीच 'चांगदेव पासष्टी'. वाचणारा असेल तर अक्षर नसलेल्या कागदातही बरंच सापडतं. अंगणवाडीपासून दुसरीपर्यंतच्या वर्गात चित्रपुस्तक उघडताना हे आठवावं. अक्षरओळख व्हायच्या आधीच मूल चित्र वाचू लागलेलं असतं.

चित्रपुस्तक म्हणजे काय?

एरवीच्या गोष्टीत चित्र शोभेपुरतं असतं. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रच सांगतं. समजा, मजकूर आहे, 'आजी बाजारातून आली.' तिच्या पिशवीतून डोकावणारं मांजराचं पिल्लू मात्र फक्त चित्रात आहे. आजीला ते ठाऊक आहे का? ही मधली जागा मूल स्वतः भरतं, आणि कल्पनाशक्ती कामाला लागते ती तिथेच. ही वाट जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं मुलांसाठीचं सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली निघालं होतं.

वाचण्याआधी

बाईंनी किंवा गुरुजींनी पुस्तक आधी एकदा मोठ्याने वाचून पाहावं. मुलांना सतरंजीवर अर्धगोलात बसवावं. पानं मुलांकडे राहतील आणि आपली बोटं चित्रावर येणार नाहीत, असं पुस्तक धरावं. पट मोठा असेल तर दोन गट करावेत. एकाने ऐकावं, दुसऱ्याने चित्रं काढावीत.

वाचताना

'हा कोणता प्राणी?' या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते दिलं की बोलणं संपलं. 'पिल्लू असं का बघतंय?' याला जितकी मुलं तितकी उत्तरं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावं. ती शांतता शिक्षकाला जड जाते, पण मागे बसलेल्या अबोल मुलाला तेवढाच वेळ हवा असतो.

उत्तर अचाट आलं तरी 'चूक' म्हणू नये. 'तुला हे कुठे दिसलं?' असं विचारावं. मूल चित्रावर बोट ठेवून दाखवतं आणि त्याच्या कल्पनेला निरीक्षणाचा आधार मिळतो. घरची बोली आली तर येऊ द्यावी. तात्पर्य मात्र विचारू नये. त्याने गोष्टीचा धडा होतो.

पुस्तक मिटल्यावर

चांगदेवांचीच पुढची आख्यायिका घ्या. चांगदेव वाघावर बसून ज्ञानदेवांच्या भेटीला निघाले आणि ज्ञानदेव व त्यांची भावंडं भिंतीवर बसून सामोरी आली, हे दृश्य फळ्यावर काढा. वाटेत वाघ काय म्हणाला असेल? भिंत चालू लागली तेव्हा तिच्यावरच्या मुंग्यांचं काय झालं? मुलं सांगतील ते वाक्य त्यांच्याच चित्राखाली लिहून द्यावं. असे कागद एकत्र शिवले की वर्गाचं स्वतःचं पुस्तक तयार.

पुस्तकं कुठून आणायची?

पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांची 'यश' मालिका काढली आहे. गोष्टी आणि चित्रं दोन्ही त्यांचीच. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिकेतही मराठी पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात.

आणलेली पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर दोरी बांधा आणि तिच्यावर ती टांगा. फाटतील, पण फाटलेलं पान चिकटवता येतं.