रस्त्यावरील मीठ आणि गाडीचें लोखंड

बर्फाच्या प्रदेशांत हिवाळ्यामध्यें रस्त्यांवर मीठ टाकतात, ही गोष्ट आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस प्रथम ऐकतांना थट्टेची वाटते. मीठ ही स्वयंपाकघरांतील वस्तु. ती गाड्या भरभरून रस्त्यावर ओतावी, आणि तीही दरसाल, हें कोणास खरें वाटावें? परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जें मीठ खपतें, त्यांतील शेंकडा चाळिसांच्या आसपास मीठ रस्त्यांवरच जातें. मिशिगन संस्थानांत डेट्रॉइट शहराच्या खालीं सुमारें १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत गॉडरिच येथील खाण ह्यूरन सरोवराच्या तळाखालीं पसरली असून, भूमिगत मिठाच्या खाणींत ती जगांत सर्वांत मोठी म्हणून गणली जाते. आपल्याकडील कितीएक कुटुंबें हल्लीं डेट्रॉइट, शिकागो, टोरोंटो या भागांत नोकरीनिमित्त राहातात. ज्या पालकांचीं मुलें तिकडे आहेत, त्यांस तरी हा विषय अगदींच परका वाटूं नये.

या मिठाचें काम काय, तें प्रथम पाहूं. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतें, पण त्यांत मीठ विरघळलें कीं तें त्याहून खालच्या तपमानावर गोठतें. हातानें फिरवावयाच्या आइस्क्रीमच्या पॉटांत बर्फाबरोबर खडेमीठ घालतात, तें याच गुणासाठीं. शंभर भार खाऱ्या पाण्यांत सुमारें तेवीस भार मीठ असेल, तर तें शून्याखालीं २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाहीं. रस्त्यावर इतकें प्रमाण साधत नाहीं. तेथें शून्याखालीं ९ अंशांच्या सुमारास साध्या मिठाचें काम मंदावतें, आणि मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड हीं त्याचीं भावंडें वापरावीं लागतात. न्यू हॅम्पशायर संस्थानानें १९३८ सालीं हा प्रयोग आरंभिला. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत साऱ्या देशाच्या हमरस्त्यांवर सुमारें ५,००० टन मीठ पडलें. आज तेथें पडणारें मीठ दोन कोटि टनांच्या घरांत जातें. निसरड्या रस्त्यावर गाड्या आदळून जे प्राण गेले असते, त्यांतील पुष्कळ या मिठानें वांचतात. तेव्हां मिठास सरसकट शिव्या देणाऱ्याचा पक्ष मला मान्य नाहीं. मात्र या सोयीची किंमत गाडीच्या लोखंडास द्यावी लागते.

ती सर्वांत अधिक कोण देतें, तर पिक-अप ट्रक. पिक-अप म्हणजे पुढें माणसांची बैठक आणि मागें उघडा हौदा असलेली मोटार. आपल्याकडे भाजीपाला वाहणाऱ्या लहान मालगाड्या आपण पाहतों, त्याच जातीची ही गाडी. परंतु तिकडे शेतकरी, सुतार, नळाचीं कामें करणारे, इतकेंच नव्हे तर कचेरींत बसून काम करणारेही ती घरची गाडी म्हणून वापरतात. हल्लींच्या साध्या मोटारींत धड आणि तळ मिळून एकच अंग असतें. पिक-अपमध्यें मात्र खालीं दोन लांब पोलादी तुळया व त्यांस जोडणाऱ्या आडव्या तुळया, अशी शिडीसारखी चासी असते, आणि तिच्यावर बैठक व हौदा वेगवेगळे बसविलेले असतात. या तुळया बहुधा आंतून पोकळ, अथवा एका बाजूनें उघड्या असतात. चाकांनीं उडविलेला खारा चिखल त्यांच्या पोटांत शिरतो व तेथेंच घर करून राहातो. हौद्याचे सांधे, मडगार्डाची आंतील कड, दरवाज्याखालील पत्रा, पाटे जेथें टांगलेले असतात ती जागा, स्टेपनीच्या वरचा कोपरा, या साऱ्या जागा उभ्या माणसाच्या दृष्टीस पडतच नाहींत.

आतां गंज कसा चढतो तें पाहूं. कारण तें कळलें म्हणजे उपाय निराळे पाठ करावे लागत नाहींत. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायु यांचा संयोग, एवढें आपल्या पुस्तकांत असतें. पण ही क्रिया एका लहानशा विजेच्या घटासारखी चालते. ओल्या लोखंडाच्या एका ठिकाणीं लोखंडाचे कण आपले इलेक्ट्रॉन मागें ठेवून पाण्यांत उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूंतून वाहात दुसऱ्या ठिकाणीं जातात व तेथें पाण्यांतील प्राणवायु ते उचलतो. हें चक्र पुरें होण्यास पाण्यांतूनही वीज वाहावी लागते. शुद्ध पाणी विजेचा वाहक म्हणून फार दुबळें; मीठ पडलें कीं तेंच उत्तम वाहक होतें, आणि जें काम रांगत चाललें होतें तें धावूं लागतें. शिवाय मिठांतील क्लोराइडचा कण आणखी एक खोडी करतो. लोखंडावर आपोआप जो पातळ संरक्षक पापुद्रा धरतो, त्यास तो भोंकें पाडतो व पुन्हां सांधूं देत नाहीं.

येथें एक चमत्कारिक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावी. लोखंड झिजतें तें प्राणवायु मुबलक असेल त्या जागीं नव्हे, तर चिखलाच्या थराखालीं किंवा दोन पत्र्यांच्या फटींत, जेथें तो कमी पोहोंचतो त्या जागीं. बाहेरची मोकळी जागा इलेक्ट्रॉन घेणारी होते, आणि झांकलेली जागा ते देऊन देऊन पोखरली जाते. म्हणूनच वरचा रंग झळकत असतांना आंतून पत्रा कुजतो. त्यांत गंजास मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागत असल्यामुळें तो सांध्यांत पाचरीसारखा फुगतो व घट्ट जोडलेले पत्रेही उकलतो.

ज्यांस हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, त्यांनीं तीन कोरे लोखंडी खिळे कानशीनें घासून घ्यावे. एक कोरड्या बाटलींत बुच लावून ठेवावा, दुसरा साध्या पाण्यानें ओल्या केलेल्या कापसांत गुंडाळावा, आणि तिसरा मिठाच्या पाण्यानें ओल्या केलेल्या कापसांत. कापूस रोज थोडा ओला करावा. चार-पांच दिवसांनीं तिघांची तुलना करावी. खिळे जस्ताच्या मुलाम्याचे नसावे, नाहीं तर प्रयोग फसेल. तो कां फसेल, तें पुढें येईलच.

मीठ हवेंतील ओलही ओढून घेतें. हवेची आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं साधें मीठ पाझरूं लागतें. कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइडास तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रता पुरते. यामुळें रस्ता कोरडा दिसत असला तरी गाडीचें पोट ओलेंच असतें. उलट कडाक्याच्या थंडींत ही सारी क्रिया मंद असते. उष्णता वाढली कीं ती वाढते. म्हणून जानेवारीच्या गोठलेल्या दिवसांपेक्षां बर्फ वितळूं लागतो तो मार्च महिना गाडीस अधिक घातक. कित्येक हौशी लोक खाऱ्या बर्फानें माखलेली गाडी रात्रीं ऊबदार घरांत आणून उभी करतात व आपण तिचें संरक्षण केलें असें मानतात. वास्तविक त्यांनीं गंजास ऊब, ओल आणि मीठ हीं तिन्ही एकाच ठिकाणीं पुरविलेलीं असतात.

हा प्रश्न केवळ गाडीच्या शोभेचा असता, तर इतके शब्द खर्चण्याचें कारण नव्हतें. चासीच्या कडेनें पेन्सिलीहून बारीक अशा पोलादी नळ्या जातात. ब्रेकवर पाय पडला कीं त्यांतील द्रवाचा दाब चाकांपर्यंत पोहोंचतो. गंजानें अशी नळी जोराच्या दाबाखालीं फुटली, तर ब्रेक लागत नाहीं किंवा अर्धाच लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा खात्यानें १९९९ ते २००३ या सालांच्या जनरल मोटर्सच्या पिक-अप व तत्सम सुमारें पन्नास लाख गाड्यांविषयींची अशीच चौकशी केली. २०१५ सालीं ती संपवितांना, या नळ्या काळ व मीठ यांमुळें झिजतात असें ठरवून, खात्यानें गाडीवाल्यांस सूचना दिली कीं, हिवाळाभर गाडीची खालची बाजू धुवावी आणि नळ्यांची तपासणी करवावी. चासीचीही तीच कथा. टोयोटा कंपनीच्या पिक-अप गाड्यांच्या चासी गंजून भोंकें पडल्याच्या तक्रारी वाढल्या. २०१६ सालीं सुमारें पंधरा लाख गाड्यांपुरती तडजोड झाली. कंपनीनें दोष कबूल केला नाहीं, परंतु गाड्या तपासून गंजलेल्या चासी बदलून देण्याचें मान्य केलें. त्या तडजोडीचा खर्च ३४० कोटि डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज तेव्हां सांगितला गेला.

कारखानदार हात जोडून बसलेले नाहींत. गाडीच्या धडास विजेच्या साह्यानें रंगाच्या हौदांत बुडवून आंतबाहेर थर देतात, आणि पत्र्यांस जस्ताचा मुलामा देतात. जस्ताची युक्ति जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं इंग्रजी आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांस जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून दाखविलें कीं, तुकडे झिजतात आणि तांबें वांचतें. (तांबें वांचलें खरें, पण तें झिजेनासें झाल्यामुळें त्याचें विषही पाण्यांत उतरेना, आणि जहाजांच्या तळास शंखशिंपल्यांनीं घेरलें, शास्त्रांत असे विनोद पुष्कळ घडतात.) १८३७ मध्यें सोरेल या फ्रेंच गृहस्थानें लोखंडास जस्ताचा मुलामा देण्याचें पेटंट घेतलें. आपली जस्ती बादली त्याच वंशांतील. तिला ओरखडा पडला तरी शेजारचें जस्त स्वतः झिजून लोखंडास राखतें. वरील प्रयोगांत जस्ती खिळा कां चालत नाहीं, त्याचें उत्तर हेंच. रंगांत हा परोपकार नाहीं. खडी लागून त्याचा टवका उडाला कीं गंज रंगाखालून सरपटत जातो व पोपडे उचलतो. फोर्ड कंपनीनें २०१५ सालच्या आपल्या मोठ्या पिक-अपचें धड व हौदा ॲल्युमिनियमचा केला, तरी चासी पोलादाचीच राहिली. आणि हे दोन धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस टेकले, तर तेथें ॲल्युमिनियम झिजतें.

गाडीवाल्याच्या हातीं मुख्य काम उरतें तें धुण्याचें. वर सांगितलेलें ज्यास कळलें, तो बाहेरच्या रंगावर पाणी मारून समाधान मानणार नाहीं. पंधरवड्यांतून एकदां, व थंडी उतरून तपमान शून्यावर आलें कीं अवश्य, पाण्याचा फवारा गाडीच्या खालून द्यावा: चाकांच्या मागें, चासीच्या भोंकांतून आंत, हौद्याच्या सांध्यांवर. दरवाज्यांच्या खालच्या कडेस पाणी निथळण्याचीं छिद्रें असतात. तीं चिखलानें बुजलेलीं असल्यास काडीनें मोकळीं करावीं. जेथें गाड्या धुण्याचें पाणी पुनःपुन्हां फिरवून वापरतात, तेथें शेवटचें पाणी ताजें आहे ना, हें विचारून घ्यावें. नाहीं तर मीठ मिठानेंच धुतल्यासारखें होईल. कोंकण किनाऱ्यावर राहाणाऱ्यांस धुण्याचा हा महिमा नवा नाहीं. समुद्राच्या वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात. किनाऱ्यावरील हवेंत पाऊस ज्या लोखंडास धुतो त्यापेक्षां वळचणीच्या आडोशाचें, कधीं न धुतलें जाणारें लोखंड पुष्कळदां अधिक खराब होतें.

दुसरें काम वर्षांतून एकदां, मीठ पडण्यापूर्वीं, म्हणजे ऑक्टोबराच्या सुमारास करावयाचें. गाडी खालून धुवून पुरती वाळवावी व तिला पातळ तेलाचा किंवा लॅनोलिनाचा फवारा द्यावा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरींतील चरबी. मेंढीचें अंग पावसांत भिजूं न देणारी तीच वस्तु येथें पोलादास राखते. असा थर कधीं वाळून कडक होत नाहीं. तो फटींत झिरपतो, आणि ओरखडा पडला तरी थोडाफार पसरून तो झांकतो. दरसाल पुन्हां द्यावा लागतो, व चार दिवस गाडीखालीं ठिपके पडतात, एवढाच त्यांत दोष. ब्रेकच्या चकत्या व रबरी भाग यांपासून मात्र तो दूर ठेवावा. याऐवजीं डांबरासारखा जाड काळा लेप लावून घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो, कारण तो डोळ्यांस भक्कम दिसतो. नव्या, स्वच्छ लोखंडावर तो चालेल. परंतु गंज धरलेल्या चासीवर तो थापणें म्हणजे गंजाच्या खोलीस बाहेरून कडी लावणें होय. लेपास चीर गेली कीं खारें पाणी आंत शिरतें व बाहेर येत नाहीं. विजेच्या बॅटरीस जोडून गंज थांबविणारीं लहान यंत्रेंही विकलीं जातात. तशी युक्ति जहाजास किंवा जमिनींत पुरलेल्या नळास लागू पडते, कारण तीं सर्वांगानें पाण्यांत वा ओल्या मातींत बुडालेलीं असतात. रस्त्यावरच्या गाडीभोंवतीं असा अखंड ओला वाहक नसतो, म्हणून तिच्या सर्वांगास ती विद्युत् पोहोंचत नाहीं.

हौद्यांत सुटा प्लास्टिकचा अस्तर-पाट बसविलेला असेल, तर वसंतांत एकदां तो उचलून पाहावा. त्याखालीं सबंध हिवाळ्याचें मीठ व वाळू सांपडते.

तिकडे जाऊन जुनी पिक-अप विकत घेणाऱ्यानें वरचा रंग पाहण्यांत वेळ दवडूं नये. गाडी उंच उचलवून घ्यावी, आणि हलक्या हातोडीनें चासी ठिकठिकाणीं वाजवून पाहावी, विशेषतः मागील चाकांच्या वर व पाटे टांगलेले असतात तेथें. धड पोलाद खणखणीत वाजतें. कुजलेलें बद्द वाजतें व त्याच्या खपल्या खालीं पडतात. ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवावें. त्या खडबडीत व फुगलेल्या लागल्या, तर एकच तुकडा न बदलतां सबंध संच बदलण्याचा खर्च आधीं हिशेबांत धरावा, आणि मगच किंमतीची गोष्ट काढावी.