शिकवण्याचेही संशोधन : भौतिकशास्त्रातील एक वेगळी वाट

लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवरचा कारागीर गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांत दाबून पाहतो आणि कढई उतरवायची की नाही ते ठरवतो. पाकातले पाणी आटत जाते, तसे त्याचे तापमान चढत जाते. नुसते पाणी मात्र एकदा उकळू लागले की जाळ कितीही वाढवला तरी त्याचे तापमान वाढत नाही. सुमारे ६०० मीटर उंचीवरील लोणावळ्यात ते ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावते. हा पाठ शिकलेले, उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही ‘जाळ वाढवला की पाणी अधिक तापेल’ असे सांगतात. असे का होते, याचा शिस्तबद्ध शोध घेणारी विद्याशाखा म्हणजे भौतिकशास्त्र-शिक्षण संशोधन.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट यांनी १९७० च्या दशकापासून भौतिकशास्त्र विभागातच हे संशोधन रुजवले. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवरील प्रश्नसंच प्रसिद्ध केला. सूत्रे पाठ असूनही गतीविषयीच्या चुकीच्या समजुती मनात कशा टिकून राहतात, हे त्यातून दिसून आले. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. मुंबईतील मानखुर्द येथील या केंद्रात विज्ञान शिक्षण या विषयात पीएच.डी. करता येते. लेखी परीक्षा व मुलाखतीद्वारे निवड होते आणि संशोधकास विद्यावेतन मिळते.

मावळातील एखाद्या व्यापारी घरातील एम.एस्सी. झालेल्या कन्येने ही वाट धरण्याची इच्छा व्यक्त केली, तर ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरात उठणारच, आणि तो रास्तही आहे. व्यवहारात जोखीम तोलूनच पाऊल टाकायचे असते.

पुढील मार्ग अनेक आहेत. शिक्षणविषयक संशोधन संस्था, विद्यापीठांतील शिक्षणशास्त्र विभाग, शिक्षक-प्रशिक्षण, पाठ्यपुस्तक व अभ्यासक्रमनिर्मिती, विज्ञान केंद्रे आणि शैक्षणिक साहित्य तयार करणाऱ्या कंपन्या येथे असे अभ्यासक लागतात. पुण्याच्या आयसरमध्ये विज्ञान व गणित शिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र आहे. लोकलने पुणे गाठणाऱ्या मावळातील विद्यार्थ्यांना तेथील काम जवळून पाहता येईल.

जोखीमही तितकीच खरी आहे. पदवीवर विषय ‘विज्ञान शिक्षण’ असतो. महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी मात्र ‘संबंधित विषया’तील पात्रता पाहिली जाते. निवड समितीने ही पदवी त्या विषयाबाहेरची मानली, तर अनेक वर्षांच्या श्रमांनंतरही ते दार बंद राहू शकते. म्हणून भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पक्की असावी, त्याच विषयातील नेट परीक्षा आधीच उत्तीर्ण व्हावी आणि अध्यापनाचा प्रत्यक्ष अनुभव गाठीशी असावा. प्रवेशापूर्वी मार्गदर्शकांचे पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे काम करतात, हेही अवश्य विचारावे.

माल घेण्यापूर्वी चार पेढ्यांवर चौकशी करणाऱ्या घराला अशी विचारपूस नवी नाही. तीच चिकित्सा मुलांच्या शिक्षणाबाबत व्हावी. परंतु ती त्यांची वाट अडवण्यासाठी नव्हे, तर वाटेतील खाचखळगे त्यांना आधी कळावेत यासाठी असावी.