मधुमेह, हृदयाचे मज्जातंतु आणि पायीं चालणें

मधुमेहाचें नांव निघालें म्हणजे आमच्या मोहोळांतील बैठकींत बोलणें वळतें तें साखरेकडे. फार तर डोळे, मूत्रपिंडें व पायाची न भरणारी जखम यांकडे. हृदयाचे ठोके ज्यांच्या हुकमतींत चालतात त्या मज्जातंतूंसही हा रोग पोखरतो, ही गोष्ट शिकल्यासवरल्या घरांतही क्वचितच कोणास ठाऊक असते. हिंदुस्थानांत सुमारें १० कोटि मधुमेही आहेत, असा अंदाज इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिला आहे. तेव्हां हा विषय परक्याच्या घरचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

हृदयाकडे दोन प्रकारचे मज्जातंतु जातात. एक घोड्यास टांच मारणारे, दुसरे लगाम खेंचणारे. लगामाचें काम व्हेगस नांवाच्या मज्जातंतूकडे असतें. तो मेंदूपासून निघून थेट पोटापर्यंत उतरतो. आणि मधुमेहाचा मारा लांब तंतूंवर आधीं होत असल्यामुळें बहुधा प्रथम तोच दुबळा होतो. निरोगी माणसाची नाडी घड्याळासारखी अगदीं एकसारखी चालते ही समजूत खरी नव्हे. श्वास आंत घेतांना ती किंचित् जलद व सोडतांना मंद होते. एडिंबरो येथील ईविंग व क्लार्क या डॉक्टरांनीं याच गोष्टीवर एक सोपी परीक्षा बसविली: मिनिटास सहा या बेतानें दीर्घ श्वास घ्यावयास लावून नाडीच्या वेगांतील फरक मोजावयाचा. तो १५ किंवा अधिक ठोक्यांचा असल्यास ठीक. १० किंवा त्याहून कमी भरल्यास शंकेस जागा. वयोमानानेंही हा फरक घटतो, म्हणून निर्णय डॉक्टरांनींच करावा.

लगाम सुटला म्हणजे काय होतें? स्वस्थ बसलें असतांही नाडी जलद चालते. पूजेच्या पाटावरून उठतांच रक्ताचा दाब एकदम उतरून डोळ्यांपुढें अंधारी येते. आणि सर्वांत घातक तें असें कीं, हृदयविकाराचा झटका येऊनही छातींत कळ उठत नाहीं. वडील मंडळी नुसता घाम आला, जीव घाबरा झाला असें म्हणतात. घरचीं माणसें पित्त समजून आल्याचा रस देतात, आणि मोलाचे तास निघून जातात.

यावर व्यायामाचा उपयोग किती? १९९७ सालीं व्हिएन्ना येथील संशोधकांनीं इन्शुलिन घेणाऱ्या २२ मधुमेह्यांकडून बारा आठवडे, आठवड्यांतून दोनदां अर्धा अर्धा तास, जागच्या जागीं सायकल चालवून घेतली. ज्यांचे मज्जातंतु शाबूत होते किंवा नुकतेच बिघडूं लागले होते त्यांच्या नाडींतील लवचिकपणा वाढला. ज्यांचा बिघाड फार पुढें गेला होता त्यांचा वाढला नाहीं. व्यायाम बंद केल्यावर सहा आठवड्यांत मिळविलेलें गेलें! आमच्या मतें यांत आशा व इशारा दोन्ही आहेत. पुढें पाहूं म्हणून साठीपर्यंत थांबणाऱ्यास तर हा इशाराच समजावा.

सुश्रुतानें प्रमेहाच्या चिकित्सेंत निर्धन रोग्यास सांगितलेला उपाय संस्कृतज्ञ वाचकांस आठवत असेल: जोडा व छत्री टाकून, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें चालावें. शेत नांगरणें, विहीर खणणें हींही त्यांत आहेत. श्रमाचें मर्म त्या आचार्यास पुरतें उमगलें होतें. मात्र अनवाणी चालण्याचा भाग आज कोणींही पाळूं नये. मधुमेहांत तळपाय बधिर होतात; कांटा रुतला तरी कळत नाहीं, आणि त्यांतून पाय गमावण्याची पाळी येते.

सध्यां डॉक्टर सांगतात तें प्रमाण आठवड्यास निदान १५० मिनिटें. आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड नसावा. चाल अशी असावी कीं श्वास वाढेल, पण सोबत्याशीं बोलणें तुटणार नाहीं. ज्याचे मज्जातंतु बिघडले आहेत त्यानें नाडी मोजून श्रमाचा अंदाज करूं नये, कारण त्याची नाडी श्रमाच्या मानानें वाढत नाहीं. हें बोलण्याचें मापच बरें. अशानें आरंभापूर्वीं हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

आमच्या सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा हें आणखी एक संकट. या विकारांत घाम येण्याची क्रिया बिघडते व अंग तापतें. चैत्र-वैशाखांत मोहोळकरांनीं उजाडतांच नागनाथाचें दर्शन घेऊन परतावें. दहानंतर बाहेर पडूं नये. इन्शुलिन घेणाऱ्यानें खिशांत साखर बाळगावी, कारण रक्तांतील साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड व घाम त्यास जाणवेलच असें नाहीं.

राहिला घरांतील स्त्रियांचा प्रश्न. दिवसभर राबतात, मग त्यांस व्यायाम कशाला, असें पुरुषवर्ग म्हणतो. ओट्यापुढें तासन् तास उभें राहिल्यानें पाय दुखतात, पण सलग अर्धा तास श्वास वाढत नाहीं. सासूबाईंस मधुमेह असल्यास सुनेनें त्यांस घेऊन सकाळीं निघावें, आणि तेवढ्या वेळांत चहा घरच्या पुरुषांनीं करावा.