वाचलं म्हणजे आलं?

दहावीच्या घरात हमखास ऐकू येणारं वाक्य : 'धडा तीनदा वाचला, सगळं येतंय.' मूल खोटं बोलत नसतं. पुन्हा पुन्हा वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचं ते पाठ झालं असं वाटू लागतं. उत्तरपत्रिका मात्र कोरी असते. तिथे नुसतं ओळखून भागत नाही, आठवावं लागतं.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये हेच तपासलं. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर त्यांना ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी, की आपल्या लक्षात चांगलं राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती!

एका प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवली की हात बसतो, हाही तसलाच भ्रम. वर 'वर्गसमीकरणे' असं छापलेलं असताना कोणती रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत तर नेमकं तेच ठरवायचं असतं. रोहरर आणि टेलर यांच्या २००७च्या प्रयोगात सलग एकाच प्रकारची गणितं करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच आकडे २० आणि ६३ झाले. तेव्हा श्रेढीच्या गणितामागे संभाव्यतेचं येऊ द्या. चुका वाढतील, वाढू द्या.

'आमचा बघून शिकतो, धाकटी ऐकून' हे कौतुकापुरतं ठीक. अशा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा या विषयावरच्या संशोधनाच्या २००८च्या आढाव्यात सापडला नाही.

आणि पहाटे चारचा गजर? किशोरवयात झोपेची वेळच पुढे सरकते. रात्री लवकर डोळा न लागणं हा आळस नव्हे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. बाराला झोपलेल्याला चारला उठवून काय साधणार?

राहिला 'अपेक्षित' प्रश्नोत्तरांचा संच. तो वाईट नाही, वापर चुकतो. प्रश्न वाचून लगेच खालचं उत्तर वाचलं, तर तोही दुसरा धडाच झाला. उत्तर झाकून लिहायला लावा, मुलांनाच तपासू द्या आणि चुकलेले प्रश्न तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारा.