चौदा वर्षं उभी असलेली जीप

तालुक्याच्या गावांत जुन्या घरांच्या परसात अजूनही कुठे कुठे एखादी जीप उभी दिसते. वरचं कापड फाटलेलं, चाकं मातीत रुतलेली आणि मागच्या सीटवर कांद्यांची पोती. घरातल्या बाईच्या दृष्टीने ती निव्वळ अडगळ. झाडताना आड येते, पावसाळ्यात तिच्याखाली विंचू-काटा, आणि दर दिवाळीला "यंदा ही काढूनच टाकू" असं म्हणायला एक हक्काचा विषय! मैत्रिणींनो, तुमच्या दारात असं काही उभं असेल तर ते भंगारात द्यायचं की चालू करायचं, हे ठरवायला पुढची माहिती उपयोगी पडेल. आमच्या घरी आम्ही हा उद्योग २०२५ च्या उन्हाळ्यात केला. पान्याला कधी हात न लावलेल्या माझ्यासारखीलाही त्यातलं पुष्कळ जमण्यासारखं आहे.

आधी जीपविषयी थोडं. ही गाडी मूळची अमेरिकेतली, दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने विलिस जीपचे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली, आणि पुढे ती इथेच तयार होऊ लागली. आमची आहे ती उंच बॉनेटची. या जातीचं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र कितीतरी वर्षं चाललं. पोलीस, जंगलखातं, पाटबंधारे, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे जीपच. गावात जीप आली म्हणजे कोणी तरी साहेब आला, असा पोरांचा समज असे.

आमच्याकडे ती साहेबाची नव्हती, डॉक्टरांची होती. मामंजींनी ह्याच जीपमधून पाटण खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. २०११ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्या दिवसापासून जीप पत्र्याच्या शेडमध्ये उभी. गेल्या वर्षी एक भंगारवाला पस्तीस हजार द्यायला तयार झाला, तेव्हा ह्यांचं म्हणणं पडलं की देऊन टाकावी. हिशेबाने ते बरोबरच होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "द्या की. पण त्यांना सांगणार कोण?" मामंजींची खुर्ची रोज संध्याकाळी ज्या खिडकीशी असते, तिच्यातून शेडच दिसते. शेवटी ह्यांनी मला एक महिन्याची मुदत दिली. माझ्या शिकवण्यांचे साठलेले पैसे होते, आणि शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेस्त्रीकाका होते. सकाळची शाळा आटोपली की दुपार माझी.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे चासी पाहायची. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखालच्या लोखंडी पट्ट्या ठिकठिकाणी टोचून बघाव्यात. लोखंड पापडासारखं मोडू लागलं तर मन घट्ट करून गाडी द्यावी. त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही. आमची चासी खणखणीत निघाली.

दुसरी गोष्ट, बॅटरी लावून स्टार्टर मारायची घाई करायची नाही. घरातल्या पुरुषमंडळींना नेमकी हीच घाई असते! वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात आतलं तेल निथळून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. तशात जोर लावला तर रिंगा तुटतात आणि पाच रुपयांच्या कामाचे पन्नास हजार होतात. काकांनी चारी प्लग काढले आणि प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे तेल सोडलं. मग पाच दिवस त्याला हात लावला नाही. लोणचं मुरायला ठेवतो ना, तसंच.

त्या पाच दिवसांत साफसफाई. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी घर केलं होतं, वायरी कुरतडल्या होत्या. उंदरांची घाण कधीही कोरडी झाडू नये, तिच्यातून आजार पसरतात. नाकातोंडाला फडकं, हातमोजे, आणि आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून मगच पुसावं.

सहाव्या दिवशी गिअर न्यूट्रलला आणून, चाकांना दगड लावून, पुढून हँडल घातलं. (हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवावा, मूठ आवळू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.) पहिल्यांदा ढिम्म. मग एकदम पाव फेरा फिरलं. काका म्हणाले, "जिवंत आहे बाईसाहेब." मी खिडकीकडे पाहिलं. मामंजींनी डावा हात वर केला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची शेडजवळ आली. शब्द नव्हते, पण डावी तर्जनी होती. बरोबर असलं की ती वर, चुकत असलं की आडवी हलायची. पुढच्या कामात त्या बोटाचा केवढा उपयोग झाला, ते सांगतेच.

जुनं ऑइल काढलं. ते ताकासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी शिरलंय असं समजावं. आमचं काळंकुट्ट होतं, म्हणजे ठीक. नवं ऑइल, नवा फिल्टर. मग पेट्रोलची टाकी. ह्या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. उघडली तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास, तळाला गंजाचा भुगा. जवळच्या एका वेल्डरने पाहून सांगितलं, "तशीच आणा, तळ कापून नवा लावून देतो." मामंजींचं बोट जोरजोराने आडवं हलायला लागलं. खरंच होतं त्यांचं. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ भरलेली असते, आणि वेल्डिंगच्या ठिणगीने तिचा स्फोट होतो. ही गोष्ट मी पोटतिडकीने सांगते आहे, लक्षात ठेवा.

टाकी वाचली ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंच-लिंबाने घासतो, तेच तत्त्व. आधी साबणाच्या पाण्याने पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुतली, तीही उघड्यावर आणि गॅस-उदबत्तीपासून लांब. मग गरम पाण्यात लिंबूसत्व विरघळवून रात्रभर भरून ठेवली. सकाळी गंजाचं तांबडं पाणी ओतून दिलं, राहिलेला आंबटपणा मारायला खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळली आणि लगेच कडकडीत उन्हात वाळवली. वाळल्यावर आतून थोडं तेल फिरवावं, नाहीतर उघडं लोखंड दोन दिवसांत पुन्हा गंजतं.

कार्बोरेटर म्हणजे पितळी भागांचं एक छोटं दुकानच. काढताना प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो घ्यावा आणि सुटे भाग मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत क्रमाने ठेवावेत. बारीक भोकांची जेट असतात, ती सुईने किंवा पिनेने मुळीच टोकरू नयेत. भोक जरासं मोठं झालं तरी गाडी पेट्रोल ढोसायला लागते. ती भिजवून हवेने फुंकायची.

पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या आम्ही नव्याच घातल्या. त्याला आणखी एक कारण आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी केलेलं नव्हतं, ते फुगतं, चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे टाकीत पेट्रोल महिनोन् महिने साठवून ठेवू नये. नव्या नळ्या घेताना इथेनॉलला चालणाऱ्याच मागाव्यात.

मग ठिणगी. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पॉलिशपेपरने घासले. त्यांच्यात वीस हजारांश इंच फट हवी, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, प्लगला तीस. त्याच्या पात्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. ह्या इंजिनात ठिणगी १, ३, ४, २ अशा क्रमाने पडते. मी चार वायरींना चार रंगांचे दोरे बांधले होते. मदतीला आलेल्या एका पोराने ते सोडून टाकले आणि अंदाजाने वायरी लावल्या, तर कार्बोरेटरमधून असा फटाका उडाला की सासूबाई ओसरीवरून आत पळाल्या. मामंजी तेव्हा हसले. आवाज काढून हसले. चौदा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझं लग्नच मुळी त्यांच्या आजारानंतरचं.

खरी सुरुवात झाली मुदतीला दोन दिवस राहिले असताना. गाडी शेडबाहेर उघड्यावर ढकलून आणली, कारण बंद जागेत इंजिन चालवलं तर धुरातल्या विषारी वायूने जीव जातो. वाळूची बादली आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं. पेट्रोलच्या आगीवर पाणी उपयोगाचं नाही. आधी प्लगशिवायच स्टार्टर मारला आणि ऑइलच्या मीटरचा काटा हलल्यावरच प्लग बसवले. चौथ्या प्रयत्नाला धडधडली. निळसर धुराचा लोट निघाला, आपण ओतलेलं तेल जळतं त्याचा. पाच-दहा मिनिटांत तो विरला. हे ऑफिसातून तेव्हाच आले आणि फाटकातच उभे राहिले. भंगारवाल्याला फोन त्यांनी स्वतःच केला, नको म्हणून.

पण इंजिन चालू झालं म्हणून गाडी रस्त्यावर काढायची नाही हं. ब्रेक राहिलेत. ह्या जुन्या जीपमध्ये चारी चाकांच्या ब्रेकला मिळून एकच नळी-व्यवस्था असते. एका चाकाशी गळती झाली की चारी ब्रेक जातात. सगळे रबरी वॉशर, नळ्या आणि ब्रेक ऑइल नवं घातलं. हे काम काकांचं, त्यात मी हौस केली नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. टायर वरून चांगले दिसत होते, पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर ३४०८ होतं, म्हणजे २००८ सालचा चौतिसावा आठवडा. बदलले. रेडिएटरमध्ये कूलंट घातलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, म्हणून लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून डबा वर ठेवावा.

एकूण खर्च बावन्न हजार झाला, त्यात टायरांचा वाटा सगळ्यात मोठा. भंगाराचे पस्तीस बुडाले ते वेगळेच, हे ह्यांनी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

कागदपत्रांचं आधीच बघावं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांची. मुदत टळलेली असली की विलंबाचे पैसे भरावे लागतात, आणि विमा, पी.यू.सी., पर्यावरण कर आहेतच. नोंदणी नसलेली गाडी चालवत नेता येत नाही, म्हणून आम्ही ती दुसऱ्या गाडीवर चढवून तपासणीला नेली. तिसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या दोन खेपांना एकदा हॉर्न आणि एकदा मागचा दिवा नडला.

आता दर रविवारी ती अर्धा तास तरी फिरवायची असं ठरलं आहे. गाडी उभी राहिली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ह्यांना वेळ नसतो, म्हणून मी शिकते आहे. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही, खर्रर्र वाजतो. मामंजी शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून बसलेले असतात आणि मागून सासूबाई विचारत असतात, पाटणला कधी न्यायची म्हणून.