महाग धनुष्य की कामाचं धनुष्य? खरेदीआधी करायचा हिशोब

"ताई, पंचवीस हजारांचं घेऊ की पाच हजारांचं?"

बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराई गावाकडे जाणाऱ्या फेरीबोटीत माझ्या ज्युनिअरने मला हा प्रश्न विचारला. ती पारंपरिक धनुष्यांच्या यांत्रिकीवर काम सुरू करतेय. प्रयोगासाठी तिला लाँगबो घ्यायचा होता आणि हातात होते कंटिन्जन्सीचे पंचवीस हजार. वर्षभरासाठी तेवढेच. म्हणजे निवड चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत हात बांधलेले.

मी विचारलं, "महागातलं का घ्यायचंय?"

"परफॉर्मन्स चांगला असणार ना!"

या लेखात आपण 'परफॉर्मन्स' हा एकच शब्द उलगडून बघणार आहोत. तुम्ही धनुष्य घेणार नसाल, सेन्सर घ्याल, सूक्ष्मदर्शक घ्याल, नाहीतर सर्वेक्षणासाठी टॅब्लेट घ्याल. पण हा शब्द दुकानदार एका अर्थाने वापरतो आणि संशोधकाला दुसऱ्या अर्थाने लागतो, हे सगळीकडे सारखंच.

आधी, लाँगबो म्हणजे काय

२०२३ मध्ये बर्लिनला ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांनी जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली, ती कंपाउंड धनुष्याने. त्याला टोकांशी चाकं असतात, नेम धरायला साइट असते. लाँगबोला यातलं काही नाही. साधारण माणसाच्या उंचीचं, दोरी चढवली की एकाच सलग बाकात वळणारं धनुष्य म्हणजे लाँगबो. काही एकाच लाकडातून तासून काढलेले असतात, तर काही बांबू, लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेले. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे, त्यातलं बांबूचं धनुष्य याच कुळातलं.

आकडे मांडून बघू

पुढचे भाव आणि आकडे नमुन्यादाखल घेतलेत. पण त्यामागचं भौतिकशास्त्र खरं आहे, तुम्ही कागदावर ताडून बघू शकता.

समजा दोन्ही धनुष्यांचं पाउंडेज ४० आहे. म्हणजे पूर्ण ओढल्यावर बोटांवर साधारण १८ किलोचा भार, १७८ न्यूटन. दोरी आपल्या जागेवरून सुमारे २० इंच, म्हणजे ०.५१ मीटर मागे येते. लाँगबोमध्ये जोर जवळजवळ सरळ रेषेत वाढत जातो, म्हणून साठलेली ऊर्जा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतकी: १७८ × ०.५१ चे निम्मे, साधारण ४५ जूल.

ही सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. धनुष्याच्या भुजा आणि दोरी यांनाही हलवावं लागतं, त्यात काही खर्ची पडते. समजा साधं धनुष्य ६५ टक्के ऊर्जा बाणाला देतं आणि महाग धनुष्य ७५ टक्के. बाण ४०० ग्रेनचा, म्हणजे जवळपास २६ ग्रॅमचा. गणित केलं की:

साध्या धनुष्याचा वेग: सेकंदाला ४७.७ मीटर.
महाग धनुष्याचा वेग: सेकंदाला ५१.३ मीटर.

कार्यक्षमता दहा टक्के-बिंदूंनी वाढली, पण वेग वाढला फक्त साडेसात टक्के. कारण वेग ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. किंमत पाचपट, वेग साडेसात टक्के. सेकंदाला एक मीटर जास्तीचा वेग साधारण साडेपाच हजारांना पडला.

लगेच "मग स्वस्तातलंच घ्या" असा निष्कर्ष काढू नका. अजून एक भानगड आहे.

हलका बाण आणि फसवी तुलना

तेच साधं धनुष्य घ्या, पण बाण ३०० ग्रेनचा लावा. वेग किती येतो? सेकंदाला ५२.१ मीटर. म्हणजे पाच हजारांच्या धनुष्याने पंचवीस हजारांच्या धनुष्याला मागे टाकलं!

अर्थातच टाकलं नाही. आपण बाण बदलला. पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञाने यासाठी 'आभासी वस्तुमान' ही कल्पना मांडली. धनुष्याच्या भुजा आणि दोरी मिळून जणू बाणाला चिकटलेलं जास्तीचं वजन आहे, असं समजायचं. आपल्या साध्या धनुष्यासाठी ते साधारण १४ ग्रॅम निघतं. बाण हलका केला की वेग वाढतो, पण ऊर्जेतला बाणाचा वाटा कमी होतो. बाण अजिबातच नसेल तर सगळी ऊर्जा धनुष्यातच राहते आणि ते मोडू शकतं. रिकामी दोरी कधीही सोडू नका असं कोच ओरडून सांगतात ते म्हणूनच.

म्हणून कुणी "याचा वेग अमुक आहे" म्हटलं की तीन प्रश्न विचारा: बाण किती वजनाचा? पाउंडेज किती? किती इंच ओढलं? हे तीन सारखे नसतील तर ती तुलनाच नाही. शोधनिबंध वाचतानाही हीच सवय ठेवा. एखादा आकडा भारी वाटला की तो कुठल्या अटींवर आलाय हे आधी शोधा.

कूई आणि बर्गमन यांनी १९९७ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात वेगवेगळ्या संस्कृतींतल्या धनुष्यांची गणिती प्रारूपं सारख्या अटींवर तपासली. तेव्हा बाणाच्या सुरुवातीच्या वेगात आपण समजतो तेवढी तफावत दिसली नाही. अटी सारख्या केल्या की बरेच दिमाख गळून पडतात.

फरक धनुष्याचा, की तुमच्या हाताचा?

आता समजा, एक बाण सोडताना तुम्ही दोरी एक इंच जास्त ओढलीत. २० ऐवजी २१ इंच. ऊर्जा ओढीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती दहा टक्के वाढली आणि वेग पाच टक्के, म्हणजे सेकंदाला २.४ मीटर. महाग धनुष्याने वीस हजारांत दिलेला फायदा होता ३.६ मीटर. त्यातला दोन-तृतीयांश एका इंचाच्या हलगर्जीत हरवू शकतो.

बाणांचंही तसंच. डझनभर बाणांत एखादा ४०० ऐवजी ४४० ग्रेनचा निघाला तर त्याचा वेग तीन टक्के कमी होतो. २० मीटरवर तो पाचेक सेंटिमीटर खाली लागतो. मग तुम्ही म्हणणार, धनुष्यच बेभरवशाचं!

मोजायचं साधनही बघा. आपल्याकडे बहुतेकांजवळ असतो फोन, सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा. ५ मीटर अंतर कापायला साध्या धनुष्याच्या बाणाला २५ फ्रेम लागतात, महाग धनुष्याच्या बाणाला २३ ते २४. दोन फ्रेमचासुद्धा फरक नाही. आणि बाण रेघ ओलांडताना नेमकी फ्रेम कोणती, यातच एखाद्या फ्रेमची चूक होते. म्हणजे जो फरक विकत घ्यायला तुम्ही वीस हजार घालताय, तो तुमच्या साधनाला धड दिसतच नाही. अंतर १५ मीटर केलं की फरक पाच फ्रेमचा होतो, तेव्हा कुठे काही बोलता येतं.

हे गणित खरेदीच्या आधी करायचं असतं. आपण बहुतेक जण बिल लावून झाल्यावर करतो.

खाडीवरची हवा

गोराईत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: इथे जुलैत कपाटातली पुस्तकंसुद्धा दमट होतात. लाकूड आणि बांबू हवेतलं पाणी पितात, मऊ पडतात. मग धनुष्याचं पाउंडेज उतरतं आणि ते एका बाजूला वाकून तसंच राहण्याची शक्यता वाढते. फायबरग्लासचे थर असलेल्या धनुष्याला हा त्रास बराच कमी. फेब्रुवारीत साधं आणि जुलैत महाग धनुष्य मोजून तुलना केलीत, तर तुम्ही अर्धा पावसाळाच मोजलात.

यावर उपाय स्वस्त आहे. प्रवासी बॅग तोलायचा डिजिटल काटा घ्या. धनुष्य आडवं टांगून दोरी काट्याने खाली ओढा आणि दर इंचाला किलो लिहा. हा आलेख प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी काढा. शेजारी त्या दिवशीची आर्द्रता लिहा.

माझ्या हातून मोडलेलं धनुष्य

इथपर्यंत मी फार शहाणपणाने बोलतेय, तेव्हा माझी एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी गोराईतल्या एका आदिवासी पाड्यावर एका आजोबांनी मला त्यांच्याकडचं बांबूचं धनुष्य बघायला दिलं. त्यांच्या वडिलांनी केलेलं. मी तेव्हा 'प्रमाणित अटी' नव्याने शिकले होते. माझ्या तक्त्यात ड्रॉ लेंथचा रकाना होता २८ इंच, सगळ्या धनुष्यांना एकच. मी काटा लावला आणि ओढत गेले. २४ इंचांवर कडकन आवाज आला.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, ते छातीपर्यंतच ओढायचं असतं." मी माफी मागितली, भरपाई देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. निघताना एवढंच म्हणाले, "मोडलं तेपण लिही तुझ्या वहीत."

मी लिहिलं. आजही ती नोंद आहे: '२४ इंच, तुटलं, कारण मोजणारीने विचारलं नाही.'

सॅक्स्टन पोप या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२३ मध्ये जगभरच्या धनुष्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाण किती लांब जातो यावर त्यांची तुलना होती. तो आकडा उपयोगाचा आहेच. पण जे धनुष्य झाडीत, जवळच्या अंतरासाठी केलं, त्याला लांब पल्ल्याच्या परीक्षेत बसवलं तर ते नापासच होणार. परफॉर्मन्स म्हणजे कशासाठी केलेली वस्तू ते काम किती नीट करते. 'कशासाठी' हे माझ्या तक्त्यात नव्हतं. ते आजोबांना माहीत होतं आणि एका प्रश्नात कळलं असतं.

मग काय घ्यायचं?

बोट पलीकडे लागली तेव्हा मी ज्युनिअरला उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "तुझा प्रश्न काय आहे?" ती म्हणाली, "बांबूच्या धनुष्यावर पावसाळ्याचा काय परिणाम होतो."

मग महाग फायबरग्लासचं धनुष्य तिच्या कामाचंच नव्हतं! आणि बांबूचं एकच घेऊनही भागत नव्हतं, कारण प्रत्येक बांबू वेगळा. एका धनुष्यावरून काढलेला निष्कर्ष त्या एका धनुष्यापुरताच. तिने ठरवलं ते असं: साधी तीन धनुष्यं पंधरा हजारांत, आणि उरलेल्या दहा हजारांत वजन जुळवून घेतलेले बाण, काटा, ट्रायपॉड आणि आर्द्रतामापक.

तिचा प्रश्न 'दोरी कशाची असली की वेग वाढतो' असा असता, तर मी उलटा सल्ला दिला असता. तिथे धनुष्य रोज तसंच्या तसं राहायला हवं. मग पंचवीस हजार त्या स्थिरतेचे असते, वेगाचे नव्हे, आणि ते वाजवी ठरले असते.

तुम्ही स्वतः सरावासाठी घेत असाल तर २५ ते ३० पाउंडेजपासून सुरुवात करा, आणि वाचलेले पैसे चांगल्या बाणांवर व शिकवणीवर घाला. तो एक इंच पैशाने सुधारत नाही.

आणि कुठल्याही साधनाची किंमत विचारण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. माझा प्रश्न काय? त्यासाठी किती बारीक फरक दिसायला हवा? आणि ही वस्तू वापरणाऱ्या कुणाला मी विचारलंय का? तिसरी ओळ रिकामी असेल तर दुकानात जाऊ नका. आधी विचारून या.