पाइनची मधली वर्षे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९५२ साली पाइनची लागवड वीस लाख एकरांच्या आत होती. शतक संपेपर्यंत ती ३ कोटी २० लाख एकरांवर गेली आणि पन्नाशीला होणारी तोडणी पंचविशीच्या आत आली. याचे श्रेय सहसा निवडक बियाण्याला आणि लागवडीपूर्वीच्या मशागतीला मिळते. ते रास्तच आहे, पण अपुरे. खरी कसोटी मधल्या वर्षांत लागते. या लागवडीतल्या लॉब्लॉली पाइनच्या फांद्या एकमेकींना भिडतात तेव्हा झाडांची भूक सर्वांत मोठी असते, आणि मशागतीने जमिनीत मोकळे झालेले नत्र नेमके तेव्हाच सरत आलेले असते.

वाढ पाण्यावाचून अडते, असे सहज वाटते. नॉर्थ कॅरोलिनातल्या स्कॉटलंड काउंटीत १९९२ पासून चाललेल्या प्रयोगाने हा समज हलवला. तिथली जमीन रेताड, पाणी न धरणारी. काही तुकड्यांना फक्त पाणी दिले, काहींना फक्त खत, काहींना दोन्ही. अशा जमिनीतही पाण्यापेक्षा खतानेच वाढ कितीतरी अधिक झाली. कारण पानांत आहे. या पाइनच्या सुया तीन-तीनच्या जुडग्याने येतात आणि साधारण दोन हंगाम टिकतात. खताने त्या वाढल्या की झाड जास्त ऊन पकडते आणि खोड भरते. अनेक ठिकाणच्या चाचण्यांतून एक मात्रा रूढ झाली: एकरी सुमारे ९० किलो नत्र आणि ११ किलो स्फुरद. दोन्ही एकत्र दिल्यास साधारण आठ वर्षे दरसाल एकरी पन्नास-साठ घनफूट जादा लाकूड मिळते. एकट्या नत्राने एवढे साधत नाही.

खत महाग आहे, हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच ते सरसकट टाकू नये. ज्या रानात पानोरा आधीच भरगच्च आहे, तिथे ते वायाच जाते. दुसरा आक्षेप मधल्या वर्षांतल्या दुसऱ्या कामावर, विरळणीवर, म्हणजे दाटीतली काही झाडे काढण्यावर: २००८ च्या मंदीनंतर इमारती लाकडाचे भाव पडले, मग विरळणी कशाला? पण दाटीत झाडांची ताकद घटते, भुंग्याला रोखणारी राळ कमी पडते आणि तांदळाच्या दाण्याएवढा साल-भुंगा रानेच्या राने वाळवतो. भाव वर येण्याची वाट पाहता येते; भुंगा थांबत नाही. विरळणी आधी, मग खत, हाच क्रम योग्य. उलट केल्यास काढून टाकायच्या झाडांनाच आपण पोसतो.